मदत वाटेत कुठे अडते?

१६ एप्रिल २०२१च्या मध्यरात्रीनंतर मुंबई महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ करोनाग्रस्तांना रुग्णवाहिकांतून हलवावे लागले. त्यांचा आजार त्या रात्री अचानक बळावला नव्हता. ते ज्या खाटांवर होते तिथला ऑक्सिजन संपत आला होता आणि नवा साठा वेळेत येईल याची खात्री उरली नव्हती. पहाटेपर्यंत सगळे रुग्ण दुसरीकडे, प्रामुख्याने जम्बो केंद्रांत, दाखल झाले. या धावपळीत कोणी दगावले नाही.

महिन्याभरात हीच वाहतूक उलट्या दिशेने करावी लागली. तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत होते आणि जम्बो केंद्रे म्हणजे मोकळ्या जागेत उभारलेली तात्पुरती रुग्णालये. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात त्यांची छपरे टिकतील का, हा प्रश्न होता. त्यामुळे १५ मेच्या रात्री वांद्रे-कुर्ला संकुलातून २४३, दहिसरमधून १८३ आणि मुलुंडमधून १५४ असे ५८० रुग्ण पक्क्या इमारतींतील रुग्णालयांत नेण्यात आले. १७ मे रोजी वादळ मुंबईला घासून पुढे गेले, तेव्हा त्या तिन्ही केंद्रांत रुग्ण नव्हते.

आपत्तीच्या बातम्यांमध्ये धाडस दिसते: दोरीला लटकलेला जवान, पाण्यातून बाळाला वर धरलेला तरुण. या दोन रात्रींमध्ये तसे छायाचित्र मिळण्यासारखे काही नव्हते. कुठल्या रुग्णालयात किती तासांचा साठा आहे, कुठे किती खाटा रिकाम्या आहेत, रुग्णवाहिका कुठे उभ्या आहेत आणि कोणता रस्ता मोकळा आहे, एवढी माहिती काही माणसांच्या हाताशी होती आणि निर्णय घेण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच होता. साडेसातशे माणसांच्या जिवाशी या माहितीचा संबंध होता.

मुंबईत १६ एप्रिलला ऑक्सिजन मुळीच नव्हता असे नाही. तो जिथे हवा होता तिथे नव्हता. बहुतेक आपत्तींची हीच गोष्ट आहे. वस्तूंचा खरा दुष्काळ क्वचितच असतो. वस्तू असतात, पण त्या दूर असतात, भलत्याच रूपात असतात, किंवा कुणाला काय हवे आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. मदतकार्यातील पुरवठा साखळ्यांचे अभ्यासक लुक व्हॅन वासेनहोव यांनी २००६ साली लिहिले होते की मदतकार्याचा सुमारे ८० टक्के भाग हा वाहतूक, साठवण आणि वाटपाचाच असतो. मुंबईच्या उपनगरांतील गेल्या वीस वर्षांकडे या नजरेने पाहिले तर बऱ्याच गोष्टी लख्ख दिसतात.

ऑक्सिजनचे गणित आधी समजून घ्यायला हवे, कारण वस्तू कुठल्या रूपात आहे याने किती फरक पडतो हे त्यातून कळते. उणे १८३ अंश सेल्सिअसला ऑक्सिजन द्रवरूप होतो. या द्रवाच्या एका लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. रुग्णालयात दिसणाऱ्या उंच, जड जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो. मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला असे एक सिलिंडर बारा तासांपेक्षा थोडे कमी पुरते. रुग्ण मिनिटाला ६० लिटर देणाऱ्या यंत्रावर गेला की तेच सिलिंडर दोन तासांच्या आत संपते.

आता १३,००० लिटरची द्रवरूप ऑक्सिजनची एक टाकी घ्या. ती म्हणजे सुमारे १,६०० जम्बो सिलिंडर. इतकी सिलिंडर भरून आणायची, उतरवायची, वॉर्डापर्यंत ढकलत न्यायची, रिकामी परत पाठवायची, तर टेम्पो किती लागतील आणि खांदे किती लागतील? टाकी असली की एक टँकर येतो, नळी जोडतो आणि जातो. महापालिकेने पहिल्या लाटेत, २०२० मध्येच, मोठ्या रुग्णालयांत अशा टाक्या बसवायला घेतल्या होत्या. दुसऱ्या लाटेत त्याचा फार उपयोग झाला. १७ एप्रिलच्या पहाटेनंतर शहरात ठिकठिकाणी भरलेली सिलिंडर गाड्यांवर चढवून तयार ठेवण्यात आली. एखाद्या रुग्णालयातून फोन आला की सिलिंडर शोधण्यापासून सुरुवात करायला नको, गाडी थेट निघाली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील टंचाईवर सुनावणी करताना मुंबईच्या या व्यवस्थेकडून शिकण्याची सूचना केली.

राज्याच्या पातळीवर मात्र तिढा वेगळाच होता. महाराष्ट्रात दिवसाला १,२०० टनांच्या आसपास ऑक्सिजन तयार होत होता आणि मागणी त्यापलीकडे गेली होती. देशात ऑक्सिजन होता, पण तो पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत. अडचण टँकरची होती. अतिथंड द्रव वाहून नेणारे टँकर मोजकेच, आणि मुंबई ते विशाखापट्टणम जाऊन परत यायला रस्त्याने कितीतरी दिवस. म्हणून १९ एप्रिलच्या रात्री नवी मुंबईतील कळंबोलीहून सात रिकामे टँकर मालगाडीच्या सपाट वाघिणींवर चढवून रवाना करण्यात आले. ही देशातील पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस.

त्या गाडीची तयारी बघण्यासारखी आहे. टँकर वाघिणीवर चढला की त्याची एकूण उंची किती होते, आणि ती वाटेतल्या पुलांखालून, बोगद्यांतून, विजेच्या तारांखालून जाईल का, हे आधी मोजावे लागले. ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर १,२९० मिलिमीटर उंचीच्या वाघिणीवर बसतो असे ठरले. तरीही घाटातला जवळचा मार्ग सोडावा लागला आणि गाडी वसईमार्गे वळसा घालून गेली. साडेअठराशे किलोमीटरहून जास्त अंतर तिने सुमारे पन्नास तासांत कापले. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात दहा तासांत शंभर टनांहून अधिक ऑक्सिजन भरला गेला. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले आणि उरलेले चार २४ एप्रिलला सकाळी नाशिकला पोहोचले.

नाशिकला त्या चार टँकरचे मोल काय होते हे वेगळे सांगायला नको. तीनच दिवसांपूर्वी, २१ एप्रिलला, तिथल्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली होती, पुरवठा बंद पडला होता आणि किमान २२ रुग्ण गेले होते. ऑक्सिजन त्या रुग्णालयाच्या दारात उभा होता. शेवटच्या काही फुटांत, टँकर आणि टाकीच्या जोडावर, साखळी तुटली. पुरवठ्याचा विचार करताना हजार किलोमीटरचा प्रवास जितका महत्त्वाचा तितकाच तो जोड महत्त्वाचा, हे या घटनेइतके कठोरपणे दुसऱ्या कशाने सांगितलेले नाही.

उपनगरांची रचना हा या सगळ्याचा पाया आहे. २०११च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक लोक राहतात. पश्चिमेला वांद्र्यापासून दहिसरपर्यंत एक लांब पट्टा, पूर्वेला कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत दुसरा, आणि उत्तरेकडे या दोहोंच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. द्रुतगती महामार्ग, लोहमार्ग, एस. व्ही. रोड, एलबीएस मार्ग हे सगळे दक्षिणोत्तर धावतात. आडवे रस्ते थोडे. बोरिवलीहून मुलुंडला थेट जायला आजही रस्ता नाही. एकतर घोडबंदरवरून ठाण्याला वळसा, नाहीतर खाली येऊन जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. शहराला लागणारा माल दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी अशा मोजक्या नाक्यांतून आत येतो. भाजी वाशीच्या बाजारातून, दूध कोल्हापूर, नाशिक, गुजरातकडून.

शिवाय प्रत्येक पट्ट्याला लोहमार्गाने उभे चिरलेले आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे तर पूल किंवा सबवे. मोठ्या पावसात अंधेरी, मिलन, खार, मालाड हे सबवे पाण्याखाली जातात, म्हणजे सगळा भार पुलांवर. ३ जुलै २०१८च्या सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला, दोन जणांचा बळी गेला आणि पश्चिम रेल्वे अनेक तास ठप्प झाली. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये हा पूल पाडण्यासाठी बंद झाला. त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला उघडली आणि तो पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला. या काळात अंधेरी पूर्वेच्या रहिवाशाला पश्चिमेच्या कूपर रुग्णालयात न्यायचे तर रुग्णवाहिकेने कोणत्या वाटेने जावे, हा रोजचा प्रश्न होता. पावसाळ्यात सबवे भरला की तो जास्तच बिकट होई. पूल ही वाहतुकीची सोय मानली जाते. आपत्तीच्या दिवशी तो पुरवठ्याचा नळ असतो, आणि उपनगरांत असे नळ फार थोडे आहेत.

२६ जुलै २००५ला हे सगळे नळ एकाच दुपारी बंद झाले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात त्याच काळात ७३ मिलिमीटर. म्हणजे महापालिकेचे मुख्यालय, मंत्रालय, मोठ्या कार्यालयांची दक्षिण मुंबई जवळजवळ कोरडी होती आणि कुर्ला, कलिना, साकीनाका, अंधेरी बुडत होते. दुपारच्या एका तासात तर १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. गटारांची क्षमता होती ताशी २५ मिलिमीटर. त्यात भरती. मिठी नदीने विमानतळाच्या आसपासचा भाग गिळला. साकीनाक्याला डोंगर खचून ७०च्या आसपास लोक गाडले गेले. राज्यभरात त्या अतिवृष्टीने हजाराहून अधिक बळी घेतले.

त्या दिवसाच्या आठवणी लोकांच्या ओठांवर आहेत: रुळांवरून चालत घर गाठणारे, शाळेत रात्र काढणारी मुले, रस्त्यावर चहा-बिस्किटे घेऊन उभे राहिलेले वस्तीतले लोक. पुरवठ्याच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट पुढे येते. त्या पुरात सुमारे ३७,००० रिक्षा, ४,००० टॅक्सी आणि बेस्टच्या ९०० बस खराब झाल्या किंवा निकामी झाल्या. विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद. दोन्ही लोहमार्ग बंद. द्रुतगती महामार्गांवर लोकांनी सोडून दिलेल्या गाड्यांच्या रांगा, त्यामुळे अग्निशमन दलाचा बंब निघाला तरी पोहोचायचा कसा? मोबाइल आणि वीज अनेक भागांत गेलेली. ज्या वाहनांनी मदत न्यायची ती वाहनेच आपत्तीग्रस्त, आणि कुठे काय हवे हे सांगणारी यंत्रणा मुकी. शहरात अन्न, औषध, दोर, टॉर्च, ट्रक सगळे होते. ते कलिन्यापर्यंत नेण्याची वाट नव्हती.

पाणी ओसरल्यावर दुसरी फेरी सुरू झाली, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. तबेल्यांतली आणि बाजारातली हजारो जनावरे मेली होती. घराघरांतून भिजलेल्या गाद्या, धान्य, कपाटे रस्त्यावर आली होती. आता माल आत आणायचा नव्हता, बाहेर काढायचा होता. त्यासाठी डंपर, जेसीबी, जंतुनाशक पावडर आणि टाकायला जागा हवी. हे काम लांबले की रोगराई. ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, आणि मग डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घराघरांत पोहोचवण्याची घाई. पहिल्या दिवशी बोट हवी, तिसऱ्या दिवशी पाणी, आठव्या दिवशी कचऱ्याचा ट्रक, पंधराव्या दिवशी गोळी. आपत्तीतली मागणी अशी रोज बदलते. जी यंत्रणा पहिल्या दिवसाचीच वस्तू आठव्या दिवशी पाठवत राहते, ती कष्ट करूनही कुणाच्या उपयोगी पडत नाही.

या पुरानंतर बरेच बदल झाले. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. या दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे, पण एक तुकडी कायम अंधेरीत ठेवलेली असते आणि पावसाळ्यात आणखी तुकड्या शहरात आणून ठेवतात. हे फार शहाणपणाचे आहे. ज्या पावसाने मुंबई बुडते तोच पाऊस घाटात दरडी पाडतो. पुण्याहून निघालेली तुकडी खंडाळ्यात अडकली तर तिच्या बोटींचा उपयोग शून्य. महापालिकेने वॉर्डावॉर्डांत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. इर्ल्यासारखी पंपिंग स्टेशने झाली. अंधेरीच्या वेरावली टेकडीवर जानेवारी २०२२ मध्ये शहराचे दुसरे डॉप्लर रडार सुरू झाले, कारण कुलाब्याचा पाऊस सांताक्रूझबद्दल काही सांगत नाही, हे ९४४ आणि ७३ या दोन आकड्यांनी शिकवले होते.

तरीही काही ठिकाणी सगळा भार एकाच दोरीवर आहे. भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल त्यातले सर्वांत मोठे. १७ आणि १८ जुलै २०२१च्या रात्रीच्या पावसात या संकुलात पाणी शिरले, विद्युत यंत्रणा बंद पडली आणि मुंबईच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा थांबला. नंतर पाणी आले तरी ते उकळून प्यावे असे आवाहन करावे लागले. त्याच रात्री चेंबूर आणि विक्रोळीत दरडी कोसळून तीसहून अधिक लोक मरण पावले होते, म्हणजे यंत्रणेचे हात आधीच भरलेले. मदतकार्याच्या जागतिक मानकांनुसार माणशी दिवसाला १५ लिटर पाणी लागते. १०,००० लिटरचा एक टँकर या हिशेबाने साडेसहाशे माणसांना पुरतो. एक लाख लोकांसाठी दिवसाला दीडशे फेऱ्या. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत तर टँकर जातच नाही; खाली मुख्य रस्त्यावर उभा राहतो आणि वर पाणी हंड्यांनी, कळशांनी, बहुतेक वेळा बायकांच्या डोक्यावरून जाते. एवढ्या टँकरनी मुंबई तगवता येणार नाही. म्हणून जलशुद्धीकरण केंद्राच्या विद्युत पेट्या चार फूट उंचावर बसवणे हा कोरडा अभियांत्रिकी तपशील खरे तर मदतकार्यच आहे, आपत्तीच्या आधी केलेले.

विजेचेही तसेच. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली. लोकल थांबल्या. करोनाचा काळ असल्याने पहिला प्रश्न अतिदक्षता विभागांचा होता. महापालिका आयुक्तांनी रुग्णालयांना किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल हाताशी ठेवण्याचे आदेश दिले. पण डिझेल असले म्हणजे झाले असेही नाही. मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात त्याच संध्याकाळी जनरेटरला आग लागली आणि रुग्णांना हलवावे लागले. तासन् तास चालवून न पाहिलेला जनरेटर हा कागदावरचा साठा असतो.

पुरवठ्याची साखळी किती लांब असते याचा धडा २०१९च्या ऑगस्टमध्ये मिळाला. पूर कोल्हापूर-सांगलीत आला होता, पण दुधाची टंचाई मुंबईत जाणवली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, गोकुळ दूध संघाचे संकलन आणि वाहतूक थांबली आणि उपनगरांतल्या पहाटेच्या दूधकेंद्रांवर पिशव्या कमी आल्या. तिकडे कोल्हापुरात पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावे लागले. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तोच महामार्ग पुन्हा त्याच भागात बुडाला.

त्याच जुलैत, २२ तारखेला, कोकणातले चिपळूण बुडाले. भांडुप, कांजूरमार्ग, घाटकोपर, मुलुंड इथल्या चाळींत आणि इमारतींत कोकणातली माणसे पिढ्यानुपिढ्या राहतात. गावाकडे काय झाले हे कळताच मंडळांनी, ग्रामस्थ संघांनी टेम्पो भरायला सुरुवात केली. या धावपळीतली माया खरी असते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. वाशिष्ठी नदीवरचा पूल खचला होता, महामार्ग अडला होता. जिथे घराघरांत गुडघाभर चिखल साचला आहे, तिथे पहिली गरज फावडी, खराटे, पाणी उपसायचे पंप, फिनेल, गमबूट यांची असते. जुन्या कपड्यांची गाठोडी उतरवायला, निवडायला आणि कोरडी ठेवायला माणसे आणि छप्पर लागते, आणि पूरग्रस्त गावात नेमके तेच नसते. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. शहरातल्या लोकांनी पाठवलेल्या अनेक वस्त्रांचा मच्छीमार कुटुंबांना काही उपयोग नव्हता.

अन्नाबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. २०२०च्या टाळेबंदीत उपनगरांतल्या कारखान्यांत आणि गाळ्यांत अडकलेल्या मजुरांना शिधा द्यावा की शिजवलेले अन्न, हा खरा प्रश्न होता. तांदूळ-डाळ आठवडाभर टिकते, पण ज्याच्याकडे शेगडीच नाही त्याला तिचा उपयोग काय? खिचडी लगेच खाता येते, पण मुंबईच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ती काही तासांत आंबते. मग स्वयंपाकघर वस्तीच्या जितके जवळ, तितके अन्न वाया कमी जाणार. दूरच्या एका प्रचंड स्वयंपाकघरापेक्षा प्रत्येक भागातली चार छोटी स्वयंपाकघरे अशा वेळी सरस ठरतात.

जगातही याच चुका दिसतात. जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर हैतीकडे इतकी विमाने निघाली की राजधानीच्या एकुलत्या एका धावपट्टीवर त्यांना उतरायला जागा मिळेना. बंदर मोडलेले. मदत आकाशात घिरट्या घालत होती आणि खाली लोक ढिगाऱ्यांखाली होते. धावपट्टीवर पहिले कोणते विमान उतरवायचे, शस्त्रक्रियेचे सामान घेऊन आलेले की पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेले, हा निर्णय घेणाऱ्याच्या हाती त्या वेळी सर्वांत जास्त जीव असतात.

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी हीच निवड वेगळ्या रूपात समोर आली. वादळी वाऱ्यात छेडानगरजवळचा अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ जण मृत्युमुखी पडले. माणसे आणि यंत्रे तिथे लवकर पोहोचली होती. पण लोखंडी सांगाडा कापायचा म्हणजे ठिणगी उडणार, आणि खाली पेट्रोलच्या टाक्या. गॅस कटर हाताशी असून बेधडक चालवता येईना. मोठ्या क्रेन आणाव्या लागल्या, काम साठ तासांहून अधिक चालले. घटनास्थळी काय आहे हे ओळखून योग्य अवजार निवडणे हेही पुरवठ्याचेच काम.

करोनाकाळातला महापालिकेचा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणजे वॉर्ड पातळीवरच्या वॉररूम. आधी खाटा मिळवण्यासाठी सगळे एकाच क्रमांकावर फोन करत. मग २४ वॉर्डांत स्वतंत्र कक्ष सुरू झाले आणि अंधेरीच्या रुग्णाचा प्रश्न अंधेरीची गल्ली ओळखणारा माणूस हाताळू लागला. कोणत्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही, कुठल्या जिन्यावरून स्ट्रेचर वळत नाही, हे मुख्यालयातल्या पडद्यावर दिसत नाही. हीच पद्धत करोनापुरती न ठेवता पूर, दरड, आग यांच्यासाठी वर्षभर चालू राहायला हवी. प्रत्येक वॉर्डात पावसाळ्याआधी भरलेले छोटे गोदाम, त्याची किल्ली कुणाकडे आहे हे माहीत असलेली किमान तीन माणसे, आणि लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा साठा. अंधेरी पूर्वेचा साठा अंधेरी पश्चिमेला असेल, तर सबवे भरल्यावर तो नसल्यातच जमा.

सोसायट्या, चाळी आणि मंडळांनाही करण्यासारखे बरेच आहे. आपल्या इमारतीत ऑक्सिजन यंत्रावर, डायलिसिसवर किंवा इन्सुलिनवर कोण आहे, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचा मजला कोणता, याची यादी मे महिन्यात करून ठेवावी. इन्सुलिनला थंडावा लागतो, म्हणून वीज गेली तर ते कुठे ठेवायचे हे आधीच ठरवावे. पंपाचा मीटर आणि जनरेटर तळघरात असेल तर वर घ्यावा. गावाकडे मदत पाठवण्याआधी तिथल्या तहसील कार्यालयात किंवा ओळखीच्या कार्यकर्त्याला विचारून मगच टेम्पो भरावा, आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे. महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे फोन करताना वॉर्ड, रस्ता, जवळची ठळक खूण, माणसे किती आणि नेमके काय हवे, एवढे नक्की सांगा.